‘इरेझरहेड’मधलं बाळ आणि त्याच्याभोवतीचा आवाज

प्रश्न थोडक्यात असा: ध्यानीमनी नसताना दिवस गेलेल्या एका तरुण जोडप्यावर काही मित्रमैत्रिणी मिळून छोटा प्रायोगिक भयपट करताहेत. पहिला कट, म्हणजे संकलनाचा पहिला खर्डा, तयार आहे. गोष्टीतलं बाळ म्हणजे रबराचं बाहुलं, आणि ते पडद्यावर आलं की बघणारे हसतात. डेव्हिड लिंचच्या ‘इरेझरहेड’मधलं बाळही उघड उघड बाहुलंच आहे, मग तिथे कुणी का हसत नाही, असं त्यांना विचारायचंय. शिवाय त्या सिनेमाचा नेमका अर्थ काय, हेही.

मी सिनेमाच्या आवाजाचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर आवाजाकडे झुकलेलं असणार हे धरून चाला.

पहिलं म्हणजे, ‘इरेझरहेड’लाही लोक हसतात. भरलेल्या थिएटरात पाहिलात तर जेवणाच्या प्रसंगाला हशा हमखास येतो, आणि तो दिग्दर्शकाला हवाच आहे. फरक इतकाच की तिथे हसू फार वेळ टिकत नाही. तुमच्याकडे हसून झाल्यावर प्रेक्षक सैलावतो. तिथे हसून झाल्यावर लक्षात येतं की खोलीतली घरघर अजून चालूच आहे, बाळ अजून रडतंच आहे आणि आपल्यालाही याच खोलीत बसायचंय. तेव्हा हसू बंद कसं करायचं याच्या मागे लागू नका, त्या हसण्यानंतरच्या मिनिटाचं काय करायचं ते बघा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डेव्हिड लिंचचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. १९७७चा, कृष्णधवल, ८९ मिनिटांचा. हेन्री स्पेन्सर नावाचा छापखान्यातला कामगार सुट्टीवर आहे, कारखान्यांच्या ओसाड पट्ट्यात एका खोलीत राहतो. मेरी नावाच्या मुलीकडून जेवणाचं बोलावणं येतं. जेवताना कळतं की तिला मूल झालंय. लग्न होतं, मेरी बाळाला घेऊन हेन्रीच्या खोलीत येते. बाळ म्हणजे लांब मानेवर केसनसलेलं, एखाद्या जनावराच्या पिलासारखं डोकं आणि मानेखाली सगळं बँडेजात गुंडाळलेलं. ते खात नाही, सतत किरकिरतं. मेरीला झोप मिळत नाही, ती माहेरी निघून जाते आणि हेन्री बाळाबरोबर एकटा उरतो. पुढे खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये गाणारी, फुगलेल्या गालांची बाई आहे, शेजारीण आहे, हेन्रीचं तुटलेलं डोकं पेन्सिलीच्या कारखान्यात जाऊन त्याचे खोडरबर होतात ते स्वप्न आहे, आणि शेवटी कात्री आहे.

अनपेक्षित गरोदरपणाचा सिनेमा म्हणून याचं नाव घेतात, पण यात गरोदर बाई एकदाही दिसत नाही. पोट नाही, ओकाऱ्या नाहीत, डॉक्टर नाही, कळा नाहीत. बातमी येते तीच मुळी बाळ जन्माला आल्यावर. मेरीची आई हेन्रीला कोपऱ्यात गाठते, मुलीशी तुझे संबंध होते का म्हणून विचारते आणि सांगून टाकते की बाळ दवाखान्यात आहे आणि बाप तू आहेस. मेरी रडत म्हणते की ते बाळच आहे की नाही हे त्यांना अजून नक्की सांगता येत नाहीये. हेन्रीचा घोळणा फुटतो. नऊ महिन्यांची तयारी, विचार करायला मिळणारा अवधी, नको म्हणायची संधी, सगळं कापून टाकलंय. प्रेक्षकाला सावरायला वेळ मिळत नाही, कारण हेन्रीलाही मिळालेला नाही. ही रचना फार हुशारीची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. तुमच्या कटमध्ये चाचणीची पट्टी, दोन रेघा, बाथरूमच्या आरशात बघणारी नायिका असं सगळं असेल तर एकदा तो भाग काढून बघा.

जेवणाचा तो प्रसंग पुन्हा पाहा, पण या वेळी चित्राकडे दुर्लक्ष करून कान द्या. हेन्री सोफ्यावर अवघडून बसलाय, मेरीची आई त्याला काय काम करतोस वगैरे विचारतेय. खाली जमिनीवर कुत्री पिलांना पाजतेय, आणि पिलांचा चुरूचुरू चोखण्याचा आवाज बोलण्याच्या बरोबरीनं, कधी कधी त्याच्याही वर ठेवलाय. मूल, पाजणं, भूक यातलं काहीही अजून कुणी उच्चारलेलं नाही. तरी कानाला कळलंय. नंतर टेबलावर मुठीएवढ्या कोंबड्या येतात, हेन्रीला कापायला सांगतात, सुरी लावताच कोंबडी पाय हलवू लागते आणि तिच्यातून काळं काहीतरी बुडबुडत बाहेर येतं. लोक हसतात ते इथे. पण कानात तो चोखण्याचा आवाज आधीच जाऊन बसलेला असतो, म्हणून हसताना पोटात ढवळतं. आवाजाचं हे काम नेहमीच असं असतं: गोष्ट चित्रात यायच्या आधी ती शरीरात पोचवून ठेवायची.

आता मूळ मुद्दा. या सिनेमात शांतता जवळजवळ नाहीच. आम्ही ज्याला रूम टोन म्हणतो, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा स्वतःचा जो आवाज असतो, तो बहुतेक सिनेमांत संवादांमधल्या फटी बुजवण्यापुरता वापरतात, ऐकू येऊ नये इतका खाली. लिंच आणि त्याचा साउंड डिझायनर अॅलन स्प्लेट यांनी तोच पुढे आणला. हेन्रीच्या खोलीत सतत काहीतरी वाहतंय: वाफ, वारा, दूरचं यंत्र, पाइपातून जाणारी हवा. ते संगीत नाही, पण पार्श्वसंगीताचं सगळं काम तेच करतं. बाकी संगीत फार थोडं, फॅट्स वॉलरच्या जुन्या ऑर्गनच्या रेकॉर्डी आणि रेडिएटरमधल्या बाईचं गाणं.

चित्रीकरण उरकल्यावर दोघांनी आवाजावर जवळपास वर्ष घालवलं. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून काम करायच्या जागेला ब्लँकेटं लावली. एका आवाजासाठी न्हाणीच्या टबात बाटली तरंगत ठेवून तिच्यात मायक्रोफोन घातला आणि हवा फुंकली, असं सांगतात. हे वाचून टब शोधायला धावू नका. यातून घ्यायचं ते एवढंच की त्यांनी रेडिएटरसाठी रेडिएटर रेकॉर्ड करून भागवलं नाही. खऱ्या वस्तूचा खरा आवाज बहुधा निरुपद्रवी निघतो. स्प्लेटला पुढे ‘द ब्लॅक स्टॅलियन’ या घोड्यावरच्या सिनेमाच्या ध्वनिसंकलनासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला. त्या घोड्याच्या धापा आणि हेन्रीच्या खोलीतला वारा एकाच माणसाच्या कानातून आलेत हे ऐकताना कळतं.

या सततच्या घरघरीनं भीती का वाटते? कारण डोळे मिटता येतात, मान वळवता येते, कान मिटता येत नाहीत. सलग चालणाऱ्या आवाजाची सवय होते आणि तो ऐकू येईनासा होतो, हे खरंच. म्हणून लिंच तो अधूनमधून झटकन बदलतो. दार उघडलं की एक घरघर जाऊन दुसरी येते. कट पडला की हवेचा दाब बदलल्यासारखं वाटतं. हे बदल हळूहळू विरघळत नाहीत, शॉटच्या कटवरच कापलेले असतात. आम्हाला शिकवतात त्याच्या अगदी उलट. सर्वसाधारण मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, अॅम्बियन्सच्या (जागेच्या आवाजाच्या) जोडावर छोटा क्रॉसफेड देऊन, म्हणजे एक आवाज विरता विरता दुसरा चढवून, कट लपवायचा असतो. इथे कट लपवत नाहीत, त्यामुळे विसरलेली घरघर दर वेळी नव्यानं कानात येते. तुमच्या टाइमलाइनवर एखाद्या प्रसंगातले सगळे क्रॉसफेड काढून ऐका. प्रयोगाला दहा मिनिटं लागतात आणि पुष्कळ काही कळतं.

त्यात बाळाचं रडणं. नवजात मुलाच्या रडण्याचा मूळ सूर साधारण ३०० ते ६०० हर्ट्झच्या दरम्यान असतो, आणि त्याचे वरचे स्वर माणसाचा कान जिथे सर्वांत तिखट असतो त्या २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जाऊन पोचतात. खालची घरघर आणि वरचं रडणं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना न झाकता ऐकू येतात. ‘इरेझरहेड’मधल्या बाळाचं रडणं मोठं नाही हेही ध्यानात घ्या. किंचाळणं तर नाहीच. बारीक, नाकातलं, थकलेलं कण्हणं आहे. किंचाळण्यानं माणूस दचकतो आणि मोकळा होतो. कण्हण्यानं त्याला उठावं लागतं. भयपटात बाळ म्हटलं की बहुतेक जण किंचाळी तरी टाकतात नाहीतर उलटं वाजवलेलं हसू. दोन्हींचा आता कंटाळा आलाय.

बाहुल्याकडे येतो. लिंचनं ते कसं बनवलं हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, युनिटमधल्या लोकांनाही त्यावर बोलायची परवानगी नव्हती. सेटवर त्याला स्पाइक म्हणायचे. गाईचा गर्भ, सोललेला ससा असे अनेक तर्क फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. बाहुलं उत्तम बनलंय यात वाद नाही, ओठ ओलसर आहेत, डोळा फिरतो, श्वास चालतो. पण बाहुल्यापेक्षा त्याच्याशी हेन्री कसा वागतो ते महत्त्वाचं. मेरी गेल्यानंतरचा थर्मामीटरचा प्रसंग घ्या. हेन्री बाळाच्या तोंडात थर्मामीटर ठेवतो, काढतो, उजेडाकडे धरून वाचतो. ताप नाही. वळून बघतो तर बाळाचं अंग फोडांनी भरलंय. तो म्हणतो, अरे, तू तर आजारी आहेस! आणि मग वाफारा लावून शेजारी खुर्चीत बसून राहतो. पुढे तो बाहेर जायला निघतो, दाराला हात लावतो, बाळ रडतं. थांबतो, बाळ गप्प. पुन्हा हात, पुन्हा रडणं.

यात राक्षसाचं काहीही नाही. ज्यानं कुणी तान्ह्या पोराला सांभाळलंय त्याला दाराचा हा खेळ तोंडपाठ असतो. हेन्रीचं काम करणाऱ्या जॅक नॅन्सचा चेहरा बघा, तो किळस दाखवत नाही. गोंधळलेला, थोडा कंटाळलेला, काळजी करणारा माणूस दाखवतो. नट बाहुल्याला बाळ म्हणून वागवत राहिला की प्रेक्षक चार-पाच मिनिटांत शरण येतो. तुमची माणसं बाहुलं दिसताच दचकत असतील, तोंडाला हात लावत असतील, तर लोक हसणारच, कारण त्या क्षणी नट सांगतोय की हे भयंकर आहे आणि डोळ्यांना दिसतंय की हे रबर आहे. नायिकेला ते पुसायला लावा. भरवायला लावा. लंगोट बदलताना तिचं लक्ष भलतीकडे असू द्या. त्या कामांचे आवाज, ओल्या फडक्याचे, चमच्याचे, कापडाच्या घासण्याचे, जवळून आणि स्वच्छ रेकॉर्ड करा. फोलीचा, म्हणजे हालचालींचे आवाज नंतर चित्राबरहुकूम रेकॉर्ड करण्याचा, सगळा पैसा इथे घाला.

शेवटाकडे ती कात्री येते तेव्हा हेन्री बँडेज कापतो आणि कळतं की बँडेजाखाली कातडी नाहीच, बँडेजानंच आतला ऐवज धरून ठेवला होता. गुंडाळलेलं काय आहे हा प्रश्न प्रेक्षकानं तासभर मनात धरलेला असतो, म्हणून हा प्रसंग सोसवत नाही. तुम्ही बाहुलं आल्याआल्याच उघडं दाखवलंय.

आता मला या सिनेमात काय खटकतं ते. मेरी. शार्लट स्ट्युअर्टनं हे काम फार छान केलंय, पण सिनेमा सगळा बापाच्या डोक्यात घडतो आणि मेरीच्या वाट्याला रडणं, झटके येणं आणि निघून जाणं एवढंच येतं. तिचा एक शॉट मात्र विसरता येत नाही. झोपेअभावी वैतागून ती रात्रीच घर सोडायला निघते, पलंगाच्या पायथ्याशी खाली बसते आणि खालचं काहीतरी जोर लावून ओढू लागते. आपल्याला फक्त पलंगाच्या गजांपलीकडचा तिचा चेहरा दिसतो आणि सगळा पलंग गदगदा हलत, कुरकुरत असतो. वर हेन्री बघतोय. हे लांबतच जातं. मग सुटकेस निघते. गमतीचा शॉट आहे, पण मला त्यात ते न दाखवलेलं बाळंतपण दिसतं, नाही तर निदान त्या बाईच्या अंगात उरलेला जोर आणि राग तरी. पुढच्या एका प्रसंगात ती झोपेत दात खाते, डोळा चोळते, आणि डोळा चोळण्याचा तो चिकट आवाज इतका जवळचा आहे की आपलाच हात डोळ्याकडे जातो. म्हणजे मेरीच्या शरीराबद्दल सिनेमाला कुतूहल आहे, तिच्या मनाबद्दल नाही.

याच्या विरुद्ध टोकाला १९६८चा ‘रोझमेरीज बेबी’. तो पूर्ण गरोदरपणाचा सिनेमा, बाईच्या शरीरात राहून सांगितलेला, आणि बाळ शेवटपर्यंत न दाखवणारा. या दोन वाटा मळलेल्या आहेत. तुमच्या गोष्टीत जोडपं आहे, दोघंही त्याच खोलीत राहतात, कुणीच पळून जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग दोघांना वेगवेगळे आवाज ऐकू येऊ द्या. तिच्या शॉटमध्ये एक रूम टोन, त्याच्या शॉटमध्ये दुसरा, आणि दोघं एकाच फ्रेममध्ये आले की कुणाचा ऐकवायचा हे ठरवणं म्हणजेच दिग्दर्शन. ‘इरेझरहेड’नं ही वाट धरलेली नाही. मी असतो तर तिथेच गेलो असतो.

अर्थाबद्दल. लिंच चित्रकलेच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियात राहिला, तिथल्या पडक्या कारखान्यांच्या भागाचा या सिनेमावर मोठा परिणाम झाला हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं. त्याच काळात, १९६८ साली, विद्यार्थिदशेत तो बाप झाला आणि मुलगी जेनिफर वाकड्या पावलांसह जन्मली. त्यामुळे सिनेमा म्हणजे तरुण बापाची घाबरगुंडी, असा अर्थ लावायचा मोह होतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. लिंचनं मात्र कधी उलगडून सांगितलं नाही. उलट हा आपला सर्वांत आध्यात्मिक सिनेमा आहे म्हणायचा, आणि का असं विचारलं की गप्प. २०२५च्या जानेवारीत तो गेला, आता ते कोडं त्याच्याकडून सुटायचं नाही. काम करणाऱ्या माणसाला खरं तर त्याची गरजही नाही. बाळ म्हणजे अपराधभाव की लैंगिक भीती की कारखाना, हे ठरवून कुणालाही मिक्स करता येत नाही. बाळ किती वाजता रडतं, किती वेळ, आणि तेव्हा रेडिएटर चालू असतो की बंद, एवढंच ठरवता येतं. तुमच्या निर्मात्याला अर्थ हवा असेल तर एक परिच्छेद लिहून द्या आणि मोकळे व्हा.

पैशांचा अडथळा मोठा आहे असं तुम्ही म्हणता, तर हेही ऐका. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं दिलेल्या १०,००० डॉलरवर हे काम १९७२ मध्ये सुरू झालं, संस्थेच्या आवारातल्या जुन्या तबेल्यांत. पैसे संपले. लिंच घरोघर वर्तमानपत्रं टाकायचा, मित्रांनी हातभार लावला, नॅन्सनं ते उभे केस वर्षानुवर्षं तसेच ठेवले. हेन्री दाराची मूठ फिरवतो तो शॉट आणि तो आत येतो तो शॉट, यांच्यात दीड वर्ष गेलंय, असं लिंच सांगायचा. मधल्या काळात छायाचित्रकारही बदलला, हर्बर्ट कार्डवेलच्या जागी फ्रेडरिक एल्म्स आला. बघताना सांधा दिसत नाही, कारण वरून आवाज अखंड वाहतोय. तुकड्यातुकड्यात चित्रीकरण करणाऱ्यांना आवाज असाही उपयोगी पडतो. पहिल्या जाहीर खेळानंतर लिंचनं सुमारे २० मिनिटं कापली, नंतर मध्यरात्रीच्या खेळांतून सिनेमा हळूहळू पसरला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. मला यातलं कापणं महत्त्वाचं वाटतं. तुमचा कट बावीस मिनिटांचा आहे, आणि हसू येतं ती जागा अकराव्या मिनिटाला आहे. आधीची चार मिनिटं बोलण्यात जातात. ती काढा.

आता मिक्सबद्दल एक सावधगिरी. तुमचा सिनेमा बहुतेक जण फोनवर किंवा लॅपटॉपवर बघणार. फोनच्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर येत नाही. स्टुडिओतल्या चांगल्या स्पीकरवर बसून घडवलेली तुमची सगळी घरघर तिथे गायब होईल आणि बाळ एकटंच रडत बसेल, मग पुन्हा हसू. त्यासाठी प्रत्येक घरघरीला वरचा एक थर द्या, २०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास थोडं सॅच्युरेशन (वरचे स्वर वाढवणारी किंचित विकृती) देऊन, म्हणजे खालचा सूर गेला तरी कान तो मनानं भरून काढतो. संवादांची पातळी त्यानंतर ठरवा, आधी नाही. आणि कट पुन्हा दाखवाल तेव्हा नव्या माणसांना दाखवा, आधी हसलेले दुसऱ्यांदाही हसतीलच.